आजीव मार्गदर्शक

विजयकुमारला खुर्चीवरून खाली खेचायचं, एवढंच मला हवं होतं. मंडळाचं भलं वगैरे लोकांना सांगायला.

शारजातलं आमचं छोटं मराठी मंडळ आणि हा त्याचा अध्यक्ष. दोन हजार नऊच्या गणपतीत प्रतिष्ठापनेच्या पूजेला दरवर्षीसारखं आमचंच जोडपं बसणार होतं. आमचे हे, सूर्यकांत, सोवळं नेसून पाटावर बसलेसुद्धा होते. यांची नोकरी नुकतीच गेलेली. विजयकुमार आला आणि भरल्या हॉलमध्ये म्हणाला, "सूर्यकांतराव, जरा ॲडजस्ट करा. यंदा स्पॉन्सर पूजेला बसतायत. तुमचा तर व्हिसाही कॅन्सल होतोय ना?"

हे पाटावरून उठले. पुढे पुण्याला परत गेले. मी शाळेतल्या नोकरीसाठी इथेच राहिले. तिकडे हे आता घरच्या गणपतीलाही पाटावर बसत नाहीत.

जुन्या वळणाच्या लोकांचा आमचा एक गट होता. आरत्या पूर्ण म्हणा, मूर्तीपुढे डीजे नको, बॅनरवर स्पॉन्सरचं नाव देवापेक्षा मोठं नको, ही आमची मतं. माझी अजूनही तीच आहेत. पण दोन वर्षं आम्ही केलं काय? विजयकुमारने पूर्व म्हटलं की आम्ही पश्चिम. चिडून सभात्याग करायचा आणि मागे तो हसत हसत बिनविरोध निवडून यायचा.

दोन हजार अकराच्या वार्षिक सभेआधी अल मजाज भागात माझ्या घरी गटाची बैठक झाली. पोह्यांची बशी हातात धरून किसनराव तावातावाने म्हणाले, "या एजीएमला पण वॉकआउट! खलास!"

"वॉकआउट करून आपण फक्त पार्किंगपर्यंत जातो," मी म्हणाले. "विरोध बंद. त्याचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ आणि आजीव मार्गदर्शक हे पद. मार्गदर्शक निवडणुकीला उभा राहत नाही, हे स्टेजवरच अनाउन्स करायचं. नाही कसा म्हणेल?"

"सुहासिनीताई, हे आपल्या तत्त्वात बसतं?"

"ज्येष्ठांचा मान राखणं आपल्या तत्त्वात नाही?"

किसनरावांनी आणखी पोहे मागून घेतले.

सभा शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी होती. हॉल भरलेला, माइक माझ्या हातात. विजयकुमारला आम्ही कशाचा पत्ता लागू दिला नव्हता. मी नाव पुकारलं, तो मिरवत स्टेजवर आला. किसनरावांनी त्याच्या खांद्यांवर शाल घातली, नारळ हातात दिला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मंदी आल्यापासून मंडळात शाल-श्रीफळ मिळत होतं ते फक्त नोकरी जाऊन गाशा गुंडाळणाऱ्यांना. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"वहिनी," तो माझ्या कानाशी पुटपुटला, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"माझा जॉब गेल्याचं. घरीसुद्धा बोललो नाहीये. फ्रंट रोमध्ये ते ब्लू कोटवाले आहेत ना, त्यांच्याकडे संडेला माझा फायनल इंटरव्ह्यू आहे. त्यांना वाटतंय मी जॉबवर असतानाच स्विच करतोय. आज काही अनाउन्स करू नका. प्लीज. पाया पडतो तुमच्या."

किसनरावांनी ऐकलं. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मला दया आली नाही असं नाही. आली. पण दोन वर्षं जे आत खदखदत होतं, त्याच्यापुढे ती टिकली नाही.

मी माइक तोंडाशी धरला. "मंडळी, नोकरी गेल्यामुळे आपले अध्यक्ष विजयकुमार आपला निरोप घेत आहेत. ते कायमचे भारतात परत जात आहेत. जोरदार टाळ्या!"

सगळ्यांत आधी निळा कोटवाला उभा राहिला आणि मनापासून टाळ्या वाजवू लागला. विजयकुमारची बायको पुढे येऊन फोटो काढत होती, ती कॅमेरा तसाच डोळ्यांपुढे धरून राहिली. मला बरं वाटलं. खरं सांगते, फार बरं वाटलं.