दोन मिलिमीटर

तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत. मोटारसायकली दुरुस्त करण्यात तिनं सतरा वर्षं घालवली होती, आणि रक्तपेढीच्या सहाही गाड्या तिच्याच गॅरेजात येत. त्यातली एक चालवायची तिची थोरली नणंद. ताई एकोणीस वर्षं मागच्या थंड पेटीत रक्ताच्या पिशव्या घालून एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात पोचवत होत्या. इतक्या वर्षांत एक पिशवी फुटली नव्हती, याचा त्यांना फार अभिमान. तो त्या लपवतही नसत.

त्या मंगळवारी ताई पडल्या. रुग्णालयाच्या फाटकात एक म्हातारे गृहस्थ अचानक आडवे आले, ताईंनी पुढचा ब्रेक दाबला, आणि गाडी त्यांच्यासकट आडवी झाली. म्हाताऱ्याला काही झालं नाही, पिशव्याही शाबूत राहिल्या. ताईंचं कोपर मात्र सोलपटून निघालं. कार्यालयातल्या साहेबांनी अहवालात लिहिलं, 'नव्या गाडीचा ब्रेक जास्त जोरात दाबला गेला.' मग अगदी अदबीनं त्यांनी सुचवलं, की आता फोनच्या टेबलावर बसावं. वय झालं, त्यात कमीपणा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गॅरेजात आली. वाकलेला ब्रेकचा दांडा आणि फुटलेला आरसा, एवढंच काम होतं. मागोमाग कोपराला पट्टी बांधून ताईही आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"चार वाजता सही करायची आहे," त्या म्हणाल्या. "टेबलाच्या कागदावर."

"तुम्ही? टेबलावर?"

"मग काय करू? जुन्या गाडीचा ब्रेक चार बोटांनी पिळायची सवय मला. महिना झाला नवी गाडी घेऊन, हात ऐकत नाही. पडले ते पडले, आता नाक वर करून कशाला बोलू?" त्या जरा थांबल्या. "पण वहिनी, ज्यानं मला पाडलं त्याची ओळख तरी करून दे. रेडियल, रेडियल म्हणता, म्हणजे असतं काय?"

मिस्त्रीणबाईला हसू आलं. इतक्या वर्षांत ताईंनी ब्रेकबद्दल विचारलेला हा पहिलाच प्रश्न. तिनं चहाचा रिकामा ट्रे उचलून त्यांच्या बऱ्या हातात दिला.

"एका कडेला धरा. घट्ट." तिनं दुसऱ्या कडेवर बोटानं दाब दिला. ट्रे वळला.

"अगं, मनगट मोडशील माझं!"

"जुन्या गाडीत असं होतं. चाकाची डिस्क दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो तो कॅलिपर. तिथे त्याचे बोल्ट बाजूनं घातलेले, म्हणजे तो एका कडेनंच धरलेला. जोरात ब्रेक लावला की फिरती डिस्क त्याला सोबत ओढायला बघते, आणि तो तसूभर पिळवटतो. डिस्कवर घासणारे आतले पॅड तिरके पडतात. म्हणून तुम्हाला चार बोटं लागायची." तिनं ट्रेची दोन्ही टोकं स्वतःच्या हातात घेतली. "आता ढकला."

ताईंनी ढकललं. ट्रे हलला नाही.

"रेडियलमध्ये बोल्ट मागून पुढे जातात. एक वरच्या टोकाला, एक खालच्या. कॅलिपर दोन्हीकडून पक्का. पिळवटायला वावच नाही, पॅड सपाट बसतात, दोन बोटांत काम. आणि मोठी डिस्क लावायची झाली तर बोल्टवर दोन सारख्या जाड कड्या घालायच्या, स्पेसर म्हणतात त्यांना. कॅलिपर तेवढाच बाहेर सरकतो. तुमच्या गाडीला मीच लावल्यात, मागच्या महिन्यात. थांबा, दाखवते."

तिनं दोन्ही बोल्ट सोडवले, कॅलिपर उतरवला, त्यातून एक पॅड काढून उजेडात धरला. मग डोळ्यांजवळ नेला.

पॅडच्या एका टोकाला, खालच्या कडेला, नखाएवढी पट्टी न झिजता तशीच उभी होती. म्हणजे ते टोक डिस्कवर नीट बसतच नव्हतं.

"काय गं?"

"काही नाही. पॅड बदलावे लागतील." तिनं तो एप्रनच्या खिशात टाकला.

ताईंना काही कळलं नाही. जरा वेळानं त्या उठून गेल्या.

मिस्त्रीणबाईनं दोन्ही स्पेसर जाडी मोजायच्या व्हर्नियरमध्ये धरले. एक दहा मिलिमीटरचा होता. दुसरा आठ. तिनं पुन्हा मोजलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये, दुसऱ्या कुठल्याशा गाडीच्या सुट्या भागांत, दहाचा जोडीदार पडलेला सापडला.

आणि तिला आठवलं. त्या दिवशी खालचा बोल्ट शेवटच्या दोन वळशांत अडला होता. हाताला कळलं होतं. शिवाय तीन गाड्या रांगेत होत्या. तिनं पान्याला जरा जास्त जोर दिला, बोल्ट बसला, आणि ती पुढच्या गाडीकडे वळली. मोजायला अर्धं मिनिट लागलं असतं. कॅलिपर महिनाभर ताणात, तिरका बसला होता. आधी ब्रेक लागतच नसणार, आणि मग एकदम पकडत असणार. ताईंच्या बोटांचा दोष नव्हता.

हे कुणालाही कळलं नसतं. नवे पॅड, बरोबरचा स्पेसर, अर्ध्या तासाचं काम. अहवाल लिहून झाला होता, ताईंनी स्वतःच दोष पदरात घेतला होता. सहा गाड्यांचं काम हातचं जाण्याची भीतीही होती.  मग तिनं हात धुतले, पॅड आणि दोन्ही स्पेसर फडक्यात बांधले आणि शटर ओढलं.

कार्यालयात ताईंच्या हातात पेन होतं.

"ताई, सही करू नका."

तिनं फडकं टेबलावर सोडलं आणि साहेबांना सगळं सांगितलं, अडलेल्या बोल्टासकट. ताई तो पॅड उलटसुलट करून बघत राहिल्या.

"म्हणजे मी पडले नाही," त्या हळू म्हणाल्या. "मला पाडलं."

"हो. मी."

साहेबांनी घसा खाकरला. "हे लेखी द्याल?"

तिनं दिलं. बाकीच्या पाचही गाड्या तपासल्याशिवाय रस्त्यावर काढू नका, हेही त्यात लिहिलं. साहेबांनी जुना अहवाल फाडला आणि सांगितलं, यापुढे ब्रेकच्या कामावर दोघांच्या सह्या लागतील. गाड्या तुमच्याकडेच ठेवायच्या का, ते नंतर बघू. ताईंनी पेन खाली ठेवलं आणि एकट्याच निघून गेल्या.

दोघी एकाच इमारतीत राहत, एक वर, एक खाली. तीन दिवस ताई खाली उतरल्या नाहीत. मिस्त्रीणबाईचा नवरा वर जाऊन यायचा आणि विचारलं की म्हणायचा, "बोलत नाहीये. पण जेवतेय." मिस्त्रीणबाई बहीणभावांच्या मध्ये पडली नाही. सकाळपासून एकेक गाडी घ्यायची आणि मोजायची, एवढंच तिनं केलं.

चौथ्या दिवशी दुपारी ताई गॅरेजच्या दारात उभ्या राहिल्या. पट्टी निघाली होती.

"लाव," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर."

व्हर्नियर ताईंनीच हातात घेतला. आकडा कुठे वाचायचा ते विचारून घेतलं. "दहा," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "हाही दहा." बोल्ट या खेपेला लोण्यासारखे फिरले. मिस्त्रीणबाईनं दोन्ही ठरल्या जोरानं आवळले. मग वहीत तिच्या सहीखाली ताईंनी आपली सही केली.

मागच्या मोकळ्या मैदानात ताईंनी गाडी काढली. पहिल्यांदा बैलगाडीच्या वेगानं. दुसऱ्यांदा जरा जोरात. तिसऱ्यांदा त्या सरळ मिस्त्रीणबाईच्या दिशेनं आल्या आणि दोन बोटांनी ब्रेक दाबला. गाडीनं नाक किंचित खाली घातलं आणि ती शांतपणे, हातभर अलीकडे उभी राहिली. मिस्त्रीणबाई जागची हलली नव्हती.

"घाबरली नाहीस?"

"घाबरले."

ताईंनी हेल्मेट काढलं. "मी अजून रागावलेय तुझ्यावर. सांगून ठेवते."

"बरं."

"कागद न देताही चाललं असतं तुला."  ताईंनी गाडी स्टँडला लावली आणि बाह्या वर सरकवल्या. "बाकीच्या गाड्यांचं काय?"

"चार झाल्या, ठीक आहेत. एक राहिलीय. आत उभी आहे, किल्ली माझ्याकडे."

"आण तो व्हर्नियर," ताई म्हणाल्या आणि पुढे होऊन आत गेल्या.