खाली ओढून बांधलेला पट्टा

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नाही, आणि गाडीबरोबर कंपनी देते तो तर मुळीच नाही. मी शर्यतीच्या गाडीत लावायचा लालभडक पट्टा. माझे दोन पट्टे खांद्यांवरून येतात, दोन कमरेवरून, आणि चौघांची गाठ पोटापाशी एका बकलात पडते. सध्या माझा मुक्काम वसईजवळच्या होळी गावात, एका घराच्या पडवीत, गोणपाटाच्या पिशवीत आहे. स्वभावाने मी पहिल्यापासून कडक. गोड बोलणं मला जमत नाही, तेव्हा राग मानू नका.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्याबरोबर विणलेल्या एका भावाला यंत्रात तुटेपर्यंत ताणलं आणि तो किती सोसतो ते पाहून आम्हा बाकीच्यांवर शिक्के मारले. त्यामुळे ताकदीबद्दल मला कधी शंका नव्हती. पण नुसत्या ताकदीने भागत नाही, मला बांधायची एक रीत आहे. खांद्यांवरचे पट्टे मागे जवळजवळ सरळ जायला हवेत, खांद्याच्या उंचीला बसवलेल्या लोखंडी बारपर्यंत. थोडासा उतार चालतो. तेच पट्टे सीटमागून थेट खाली गाडीच्या तळाला बांधले, तर टक्कर होताच मी माणसाला मागे धरत नाही, खाली दाबतो. मग त्याचा कणा माझ्या आणि सीटच्या मध्ये सापडतो.

हे सगळं माझ्याबरोबरच्या कागदावर छापलेलं होतं. एक बरोबर चित्र, एक फुली मारलेलं चित्र. रस्त्यावरच्या साध्या गाडीत कंपनीचा पट्टाच बरा, असंही खाली बारीक अक्षरात होतं. बारीक अक्षर माणसं वाचत नाहीत, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

मला मागवलं ग्लेनने. एसी दुरुस्तीचं काम करणारा हसरा माणूस, लग्नाला दोन वर्षं झालेली. सुट्टीच्या दिवशी मैदानात शंकू मांडून गाड्या पळवायच्या शर्यतीत तो आपली जुनी छोटी गाडी घेऊन जायचा. खोकं उघडल्या उघडल्या त्याने मला बनियनवरच चढवलं आणि स्वयंपाकघरात उभं राहून फोटो काढून घेतला. कागद तसाच खोक्यात राहिला. त्याची बायको जेसिका शाळेत शिकवते. कागद दिसला की वाचायचा ही तिची सवय, म्हणून तो तिने उचलून ठेवला.

रविवारी सकाळी चर्चमधली मिसा आटोपून सगळे अंगणात जमले. बार लावायचा तर मागची सीट काढावी लागणार होती.

"मग मी चर्चला कशी जाऊ? डिकीत बसून?" ग्लेनची आई क्लेमेंटीन म्हणाली.

झालं, बार रद्द. मग ग्लेनचे वडील क्लिफर्ड पुढे आले. तीस वर्षं केळीची वाडी केलेला माणूस. घड भरला की केळ वाऱ्याने आडवी होते, म्हणून तिला दोर घालून तो जमिनीतल्या खुंटीला खेचून बांधायचा. त्यांनी बांधलेली केळ वादळातही पडली नाही, असं गावात सगळे सांगतात.

"बार कशाला पायजे? दोर नेहमी खाली ओढायचा," ते म्हणाले. "जमिनीला बांधलेली केळ हलत नाय. हा माझा पोरगा पण हलनार नाय."

"पप्पा, हे बघा ना," जेसिकाने कागद पुढे केला. "असं लावू नका म्हणून फुली मारलीये."

"चित्र काढनाऱ्याने कधी केळ बांधलीय काय?"

सगळे हसले. ग्लेनही हसला. जेसिकाने कागदाची घडी घातली आणि आपल्या चर्चच्या गायनाच्या पुस्तकात ठेवली. मागच्या सीटखाली कंपनीच्या पट्ट्याची भोकं होती, तिथे क्लिफर्डनी माझे खांद्याचे पट्टे बोल्टने आवळले. पाना फिरवताना त्यांचा चेहरा किती समाधानी होता! एवढ्या मायेने मला कुणी हाताळलं नव्हतं, आणि एवढं चुकीचंही. मी ओरडू शकलो असतो तर तेव्हाच ओरडलो असतो.

कंपनीचा पट्टा लावला नाही की गाडी टुणटुण वाजते. म्हणून ग्लेनने तो पाठीमागून घेऊन रिकामाच अडकवून टाकला. गाडी बिचारी फसली, गप्प बसली.

चार महिने गेले. रोजच्या रस्त्यावरही ग्लेन मलाच बांधायचा. एका दुपारी ग्लेन जेसिकाला शाळेतून घेऊन विरारला निघाला होता. शर्यत नाही, घाई नाही, गाडी आपल्या वेगाने चाललेली. पाण्याचा टँकर इशारा न देता आडवा वळला. ब्रेक लागेपर्यंत आम्ही त्याच्यावर आदळलो.

मी तुटलो नाही. ग्लेनची छाती स्टिअरिंगला लागू दिली नाही, डोकं काचेवर जाऊ दिलं नाही. पण मला जिथे बांधलं होतं तिथेच मी खेचणार. मी त्याचे खांदे खाली ओढले, होता नव्हता तेवढा जोर लावून. त्याच्या पाठीत जे झालं ते मला माझ्या विणीतून कळलं. शेजारी कंपनीच्या पट्ट्यात बसलेल्या जेसिकाचा खांदा काळानिळा झाला, तेवढंच. ती स्वतःच्या पायांनी उतरली. ग्लेन पुन्हा कधी तसा उतरला नाही.

"पट्टा होता म्हणून वाचला," जो तो म्हणत होता. क्लिफर्डही भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "मी माझ्या हाताने बांधलेला." क्लेमेंटीनने उपकारांची मिसा ठेवली. गाडी भंगारात जाण्याआधी क्लिफर्डनी मला सोडवून आणलं, साबणाने धुतलं आणि पडवीत खिळ्याला टांगलं.

पडवीच्या खिडकीआड ग्लेनचा पलंग. त्यामुळे त्याचं जेसिकाशी झालेलं बोलणं माझ्या कानावर पडलं. ग्लेनचा पट्टा कसा बांधला होता ते डॉक्टरांनी तिला विचारलं होतं आणि ऐकून मान हलवली होती.

"पप्पांना सांगू नको," ग्लेन म्हणाला. "माझे पाय गेलेच. त्यांचे हात कशाला घालवायचे?"

तिने सांगितलं नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि येताना चहा घेऊन आली.

मग ग्लेनचा मित्र जितेश आला, मनवेलपाड्याहून, नवी घेतलेली जुनी गाडी दाखवायला. क्लिफर्डनी मला खिळ्यावरून काढलं. "हा घेऊन जा. माझ्या पोराला ह्याने वाचवलाय. थांब, मीच बांधून देतो."

एकदा टक्कर सोसली की मी संपलो, माझे टाके आतून उसवलेले असतात. मला पुन्हा कुणाच्याच अंगावर घालायचं नसतं. आणि इथे तोच पाना, पुन्हा गाडीचा तळ, तीच मायेची माणसं! मला माझीच भीती वाटली.

जितेशच्या गाडीत पहिला बोल्ट बसला. दुसरा फिरत असताना खिडकीतून हाक आली.

"पप्पा, तो बोल्ट सोडा."

"का रे? घट्ट बसतोय."

"सोडा म्हणतो ना! माझी पाठ ह्यानेच मोडली. असा खाली ओढला म्हणून."

क्लिफर्ड हसले. त्यांना वाटलं, पोरगा वैतागून बोलतोय. पण जेसिका गायनाचं पुस्तक घेऊन बाहेर आली आणि तिने ती जुनी घडी उलगडली. क्लिफर्डनी कागद लांब धरून पाहिला, मग डोळ्यांजवळ नेला. फुलीच्या चित्रावर त्यांचं बोट बराच वेळ होतं.

"तुला कधीपासून ठाऊक?" त्यांनी तिला विचारलं.

"जाऊ दे अंकल, मला नको पट्टा," जितेश हळूच म्हणाला.

क्लिफर्डनी दोन्ही बोल्ट सोडवले. मला अंगणातल्या दगडावर ठेवून कोयत्याने तोडलं, एकेक पट्टा वेगळा करून. दोन घाव दगडावरच बसले. मग तुकडे गोणपाटाच्या पिशवीत भरून पडवीत ठेवले. मला वाईट वाटलं ते त्यांचं, माझं नाही. माझा शेवट असाच व्हायला हवा होता, फक्त फार उशिरा झाला.

तुम्हाला सांगून काय उपयोग, तुम्हीही कागद खोक्यातच ठेवाल. तरी सांगतो. मला बांधायची नीट जागा तुमच्या गाडीत नसेल, तर मला घरी आणू नका. गाडीतल्या साध्या पट्ट्याला नावं ठेवू नका. आणि ज्याचा हात चांगला त्याचं सगळंच बरोबर, असं धरून हसू नका.

रोज संध्याकाळी क्लिफर्ड ग्लेनला पलंगावरून उचलून चाकाच्या खुर्चीत बसवतात. बांधाबांधीतलं कधी कुणाला न विचारलेला हा माणूस हल्ली उचलण्याआधी थांबतो. मला पडवीत ऐकू येतं.

"बरोबर धरलंय काय रे मी?"

"बरोबर आहे, पप्पा."

"नीट बघून सांग."