आमच्या ह्यांचं ग्रीकांशी भांडण

आमचे हे, म्हणजे गर्शोन, ग्रीकांवर चिडून आहेत. ग्रीकांनी आमचं काही वाकडं केलेलं नाही. उलट, यरुशलेमात ग्रीक यायच्या आधीच आमचे पूर्वज गलबतात बसून कोकणात निघून आले, असं आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, सांगतो. त्यामुळे ग्रीकांकडून मंदिर परत घेऊन त्यात दिवा लावला त्याचा सण, हनुक्का, आमच्या जुन्या लोकांना ठाऊकच नव्हता. पण लंडनला आल्यापासून दर हनुक्काला आमच्या समाजाच्या हॉलमध्ये ह्यांचं मराठी कीर्तन असतं आणि पेटीवर मी असते, त्यामुळे मला सगळं तोंडपाठ आहे.

सुरुवात अथेन्स आणि स्पार्टापासून. दोघं सख्ख्या भावांसारखे भांडून इतके थकले, की उत्तरेकडून मॅसिडोनियाचा राजा आला तेव्हा दाराला कडी लावायलाही कुणी उठलं नाही. मग त्याचा मुलगा सिकंदर. मग सिकंदर गेल्यावर त्याच्या सरदारांच्या वाटण्या. त्यांच्या मागोमाग ग्रीक भाषा, ग्रीक कपडे, ग्रीक कसरती सगळीकडे. यरुशलेमची पोरं ग्रीक टोप्या घालून ग्रीक नावं लावू लागतात, तिथे हे लालेलाल होतात. "घरची भाषा टाकलीत रे, नादानांनो!" असं ओरडून झांजा आपटतात.

समोरची मुलं तेव्हा एकमेकांचे बूट लपवत असतात. त्यांना मराठी येत नाही.

यंदा, १९९२ साली, कीर्तनाच्या आधी कमिटीचा सेक्रेटरी शिमोन आला. "गर्शोनकाका, राग मानू नका. मुलं बसत नाहीत. पुढच्या वर्षी जादूगार बोलवायचं ठरतंय. कीर्तन बंद."

हे झांजा पुसत राहिले. मी बोलले. काय बोलले ते सणासुदीला सांगण्यासारखं नाही.

आमची नात जेमिमा शेजारीच उभी होती. ती केंब्रिजला चक्क ग्रीक शिकते. ही गोष्ट ह्यांना अजून पचलेली नाही. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही थोडं सांगा, मग मी ते इंग्लिशमध्ये सांगते."

"माझ्या कीर्तनात इंग्लिश? इतकी वर्षं मी कुणाच्या नावानं ओरडतोय, कळतं का तुला?"

"ॲलेक्झांड्रियाच्या ज्यूंनी तेच केलं. मुलांना हिब्रू येत नव्हतं. मग त्यांनी तोराची अख्खी पोथीच ग्रीकमध्ये केली."

"तीच ती माणसं! त्यांनाच मी शिव्या घालतो!"

"आय नो. पण नाहीतर जादूगार, आजोबा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेटीकडे पाहिलं.

कीर्तन सुरू झालं. यरुशलेमचे पुरोहित होम अर्धा टाकून थाळीफेक बघायला पळतात आणि वेदीवरचा बकरा विचारतो, "मीही येऊ का?" हा ह्यांचा जुना विनोद. मराठीत झाला, कुणी हललं नाही. मग जेमिमानं इंग्लिशमध्ये सांगितला, अगदी बकऱ्याच्या आवाजात, आणि सगळी पोरं खदखदून हसली. अगं बाई, मला इतका आनंद झाला की माझा सूरच चुकला.

"मग काय झालं?" पोरं विचारू लागली. विचारत होती जेमिमाला. लहानपणापासून ऐकून तिलाही सगळं येत होतं. हे दोन वाक्यं सांगायचे, मग एक, मग नुसतं नाव. गोष्टीतल्या मंदिरात दिवा लागला तोवर हे फक्त झांजा वाजवत होते.

शिमोन खूश. "जादूगार कॅन्सल! जेमिमा, नेक्स्ट इयर पण तूच हं. काका, तुम्हीही या. झांजा पाहिजेतच."

मी धाडकन पेटी मिटली. शिमोनचं बोट मध्ये नव्हतं, नशीब त्याचं.

स्लाऊला घरी परतताना गाडी जेमिमा चालवत होती. हे मागे माझ्याशेजारी, झांजा मांडीवर घेऊन बसले होते. 

"रागावलात, आजोबा?"

"ते ॲलेक्झांड्रियातले म्हातारे," हे म्हणाले. "पोरांना ग्रीकमध्ये सगळं कळायला लागलं, तेव्हा ते कुठे बसायचे?"

"माहीत नाही. कुणी लिहून नाही ठेवलं."

"बाजूला बसत असतील." ह्यांनी झांजा पिशवीत घातल्या. "मी उगाच शिव्या घातल्या गं त्यांना. त्यांनाही नातवंडं होतीच की."