एकेचाळीस पानं आणि एक ‘नाही’

मी एक जुनं फॅक्स मशीन आहे. मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रं आपली कहाणी सांगायला बसली की सहसा गोड बोलतात आणि सगळ्यांचे आभार मानतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी चिडलोय. पुढच्या महिन्यात मला इथून हलवणार आहेत, त्याआधी मी का चिडलोय ते एकदा बोलून टाकतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण खरं आयुष्य सुरू झालं ते इथे, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, सेंट-ओदील गावात. नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे कॅनडा. आधी मी एका बटाट्याच्या व्यापाऱ्याकडे होतो. किती पोती, किती ट्रक, एवढंच माझ्या तोंडून जायचं. त्याने धंदा बंद केला तेव्हा मला गावच्या वाचनालयाला देऊन टाकलं. तिथे मला खिडकीजवळचं टेबल मिळालं, लोकरीचं विणलेलं झाकण मिळालं, आणि नॉर्मांड सीर मिळाली.

नॉर्मांड आमची ग्रंथपाल. त्याआधी तीस वर्षं तिने तिसरीचा वर्ग शिकवला होता, त्यामुळे गावातले पन्नाशीचे बाप्येसुद्धा तिच्यापुढे टोपी काढून उभे राहतात. कागद पाठवून झाला की मी एक चिठ्ठी छापतो: कुठल्या नंबरला गेला, किती पानं, किती वाजता, पोचला की नाही. नॉर्मांडला त्या चिठ्ठीचं फार कौतुक. “हे मशीन थापा मारत नाही,” ती सगळ्यांना सांगायची. “माझ्या वर्गात असतं तर पहिल्या बाकावर बसवलं असतं.” मित्रांनो, इतकं कौतुक त्या बटाटेवाल्याने बारा वर्षांत केलं नव्हतं.

त्या काळात विम्याचे अर्ज माझ्यातूनच जायचे आणि नकारही माझ्यातूनच यायचे. केस कापणाऱ्या एका बाईला लहानपणी दमा होता, म्हणून विमा नाही. एका सुताराचा मुतखडा कधीकाळी काढलेला, म्हणून नाही. आजारी नसलेल्यालाच विमा मिळायचा, आणि तो आजारी पडला की कंपनी त्याच्या जुन्या कागदांत खोट शोधायला बसायची. मग नवा कायदा आला. जुन्या दुखण्यामुळे कुणाला नाकारायचं नाही, आजारी पडला म्हणून मधेच काढून टाकायचं नाही, आणि नाकारलंच काही तर का नाकारलं ते लिहून द्यायचं. नॉर्मांड रीतसर शिकून आली आणि लोकांना योजना निवडायला मदत करू लागली. मला वाटलं, चला, आता माझ्यातून बरे कागद जातील. मी यंत्र असून इतका भोळा कसा राहिलो, देव जाणे.

मग एका डिसेंबरात रोझेर डेगल आला, बायकोला, क्लोदेतला घेऊन. लाकडाचे ओंडके वाहणारा स्वतःचा ट्रक चालवायचा तो. त्याची आधीची विमा कंपनी आमच्या भागातून गाशा गुंडाळून गेली होती, म्हणून त्याला नवी शोधायची होती.

“बाई, सगळ्यात स्वस्त असेल ती द्या आणि मला सोडा.”

“रोझेर, तिसरीत तू गणिताचं पुस्तक मागून उघडायचास, उत्तरं बघायला. अजून तेच?” नॉर्मांड म्हणाली. “ही ब्राँझ योजना. हप्ता कमी, पण दुखणं आलं की आधी बरंच सगळं तुझ्या खिशातून. ही रुपेरी. तुझ्या कमाईच्या माणसाचा खिशातला वाटा यात कमी होतो, आणि फक्त यातच होतो. साखर आहे ना तुला?”

“आहे थोडी.”

“थोडी म्हणे!” क्लोदेत म्हणाली. “धिरड्यावर मेपलचा पाक ओततो तेव्हा धिरडं शोधावं लागतं, बाई. आणि त्या साखरेने डोळ्यांच्या पडद्यात पाणी भरलंय, ते सांग की.”

त्याने रुपेरी योजना घेतली. मला बरं वाटलं होतं.

त्यानंतर क्लोदेत आली ती एकदम एप्रिलमध्ये. बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला की जड ट्रकांना बंदी असते, तेव्हा गावातले ट्रकवाले घरीच बसतात. तिने एक कागद माझ्यावर ठेवला आणि साठ प्रती मागितल्या. “रोझेरच्या डोळ्यांसाठी घेवड्याचं जेवण. चर्चचा हॉल. शनिवार, सात मे.” आमच्याकडे ही रीतच आहे. कुणाला मोठं दुखणं आलं की सगळं गाव हॉलमध्ये जमतं, मडक्यांतून घेवडा येतो, तव्यावर कुट्टूच्या पिठाची धिरडी पडतात, आणि दाराशी वर्गणीचा डबा ठेवलेला असतो. असे किती कागद मी छापलेत त्याला गणती नाही.

नॉर्मांडने कागद उचलून वाचला.

“याच्याकडे विमा आहे. मग हे जेवण कशाला?”

“डोळ्यात सुई टोचायची म्हणाली बँगोरची डॉक्टर. महिन्याला एक. कंपनी नाही म्हणाली.”

“केव्हा?”

“जानेवारीत. दवाखान्यातून फोन आला होता.”

“आणि तुम्ही?”

“आम्ही काय? नाही म्हणजे नाहीच ना?”

“पत्र कुठाय, क्लोदेत?”

“कसलं पत्र?”

दुसऱ्या दिवशी ती एक लाकडी पेटी घेऊन आली. चुलीशेजारी जाळायचे कागद ठेवतात ती. कंपनीची पत्रं त्यात गठ्ठ्याने पडली होती, न फोडलेली. कारण या कंपन्या प्रत्येक पत्राच्या कपाळावर ठळक अक्षरांत छापतात, ‘हे बिल नाही’. मागे रोझेरही आला, डोळे चोळत.

“बिल नाही म्हणतात ते स्वतःच,” तो म्हणाला. “मग वाचायचं कशाला? चूल पेटवायला बरा असतो तो कागद.”

“मूर्खा!” नॉर्मांड ओरडली. वाचनालयात ती कधी ओरडत नाही. “अर्धं गाव हेच करतं!”

पत्र सापडलं. पहिल्या पानावर लिहिलं होतं की आधी स्वस्त औषध वापरून पाहा, मग हे मागा. आणि चौथ्या पानावर, बारीक अक्षरांत, असं लिहिलं होतं की हा निर्णय मान्य नसेल तर तुम्ही दाद मागू शकता. तातडी असेल तर कंपनीला बहात्तर तासांत उत्तर द्यावं लागेल. आणि तरीही नकार आला तर कंपनीशी काही संबंध नसलेल्या बाहेरच्या डॉक्टरकडून तपासणी करून घेता येईल, तो जे म्हणेल ते कंपनीला पाळावंच लागेल. मित्रांनो, नकार पहिल्या पानावर ठळक आणि हक्क चौथ्या पानावर मुंगीएवढा. हे चुकून होत नाही. कुणीतरी खुर्चीत बसून ठरवतं.

“पण ते स्वस्त औषध तर गेल्या वर्षी सहा महिने घेतलं,” क्लोदेत म्हणाली. “काही उपयोग झाला नाही म्हणून तर ही सुई.”

“मग तेच लिहू.”

रोझेरला ते पटेना. “बाई, मी कुणापुढे हात पसरत नाही.”

“वर्गणीचा डबा चालतो, आणि स्वतःच्या विम्याचं मागायला लाज वाटते? बस खाली.”

बँगोरच्या डॉक्टरने तातडीचं पत्र दिलं, जुन्या औषधाची सगळी टिपणं दिली. एकूण एकेचाळीस पानं झाली. सोमवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी मी ती पाठवली. एकही पान अडकू दिलं नाही. चिठ्ठी छापली: एकेचाळीस, पोचली.

गुरुवारी बहात्तर तास संपले. नॉर्मांडने फोन लावला आणि आवाज मोठा केला. पाऊण तास पलीकडून एकच गाणं वाजत राहिलं. मग कंपनीची एक पोरगी फोनवर आली.

“मॅम, आमच्याकडे काहीच दिसत नाही. कागद मिळालेले नाहीत.”

“मिळालेत. मशीनने तसं सांगितलंय.”

“सिस्टिममध्ये नाहीत, मॅम. परत पाठवता का?”

मी तिला दोष देत नाही, ती समोरच्या पडद्यावर दिसेल तेवढंच बोलत होती. पण मला खोटं ठरवलं गेलं होतं! वाचनालयातल्या तेरा वर्षांत माझी एक चिठ्ठी चुकली नव्हती. आम्ही परत पाठवले. शुक्रवारी म्हणाले, हा नंबर दुसऱ्या विभागाचा. तिसऱ्यांदा दुसऱ्या नंबरवर पाठवले. मंगळवारी म्हणाले, मिळाले नाहीत. तिन्ही वेळा मी ‘पोचली’ म्हटलं आणि तिन्ही वेळा त्यांनी कानांवर हात ठेवले. तेव्हा मला कळलं की कागद हरवत नव्हते. थकून गप्प बसणाऱ्या माणसांची ते वाट बघत होते, आणि अशी माणसं त्यांना रोज मिळत होती.

रोझेर टोपी घालून उठला. “पुरे झालं, बाई. नदीपलीकडे माझा चुलतभाऊ आहे, त्यालाही याच सुया चालू आहेत. तिथे रांगेत बसावं लागतं म्हणतो, पण हा तमाशा नाही. मी चुकीच्या काठावर जन्मलो, झालं.”

“टोपी काढ,” नॉर्मांड म्हणाली. त्याने काढली. “त्यांनी बहात्तर तासांत उत्तर द्यायला हवं होतं. दिलं नाही. आता त्यांची वाट बघायची गरजच नाही, आपण सरळ बाहेरची तपासणी मागायची. आणि ते म्हणणार, कागदच मिळाले नव्हते. तर हे घे.” तिने माझ्या तिन्ही चिठ्ठ्या टेबलावर आपटल्या.

त्या चिठ्ठ्या, एकेचाळीस पानं आणि एक खरमरीत पत्र राज्याच्या विमा खात्याला गेलं. चौथ्या दिवशी उत्तर माझ्यावरच आलं. खात्याने नेमलेल्या बाहेरच्या डॉक्टरने लिहिलं होतं की हे औषध गरजेचंच आहे, नकार चुकीचा आहे, आणि कंपनीने ताबडतोब मंजुरी द्यावी. क्लोदेत खुर्चीत बसून रडली. रोझेर माझ्याकडे बघत म्हणाला, “घोड्या, जिंकलास की.” लोकरीच्या झाकणावरून त्याने हातही फिरवला.

पण मित्रांनो, मी जिंकलो नव्हतो. सुया सुरू झाल्या, डावा डोळा सावरला. उजव्याला उशीर झाला होता. जड ट्रकच्या परवान्याला दोन्ही डोळे चांगले लागतात. ओंडक्यांचा ट्रक आता त्याचा पुतण्या चालवतो.

जेवण ठरल्याप्रमाणे झालं. मी तिथे नव्हतो, सोमवारी वाचनालय उघडता उघडता नॉर्मांड आणि क्लोदेत जे बोलत होत्या, त्यातून ऐकलेलं सांगतो. घेवडा वाढून झाल्यावर रोझेर उभा राहिला. आयुष्यात तो कधी चारचौघांत बोलला नव्हता. म्हणाला, “डबा उचला, मला नको. या उजव्या डोळ्याने मला तुमचे चेहरे दिसत नाहीत, मधोमध ढग असतो. जानेवारीत सुई मिळाली असती तर बहुतेक दिसले असते. जानेवारीत पत्र माझ्या चुलीजवळ होतं. तुमच्याही चुलीजवळ आहे. सोमवारी ते घेऊन सीर बाईंकडे जा. जो जाणार नाही त्याने पुन्हा माझ्याकडे जेवणाची वर्गणी मागायची नाही.”

सोमवारी दारात एकोणीस माणसं उभी होती. कुणी पिशवीत, कुणी बुटांच्या खोक्यात पत्रं आणली होती. नॉर्मांड एकेक वाचत गेली. काहींची मुदत अजून उरली होती, त्यांचे अर्ज मी त्याच दिवशी पाठवले. काहींची संपली होती, ती माणसं पत्रं नीट घडी करून घेऊन गेली. त्या घडी घालण्याचा मला फार राग आला. पुढे वर्षभरात अकरा नकार फिरवले गेले. अकरा! ज्यांनी नुसतं विचारलं त्यांतले बहुतेक.

रांगेत सगळ्यात शेवटी आदेल मिशो होती. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची ती. तिने एकच पाकीट आणलं होतं. तिच्या नवऱ्याचं, लिओचं. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया गरजेची नाही, असं त्यात लिहिलं होतं. नॉर्मांडने चौथं पान उघडलं, वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

“आदेल, हे दोन वर्षांपूर्वीचं आहे.”

“ठाऊक आहे. लिओ त्याच वर्षी नोव्हेंबरात गेला. मला एवढंच सांग, आम्हालाही विचारता आलं असतं का?”

नॉर्मांडने थापा मारल्या नाहीत. “हो,” ती म्हणाली.

आदेलने ते चौथं पान स्वतः वाचलं. मग म्हणाली, “आता काही उपयोग नाही, हे मला कळतं. पण तो गेल्याचं त्यांना कुणी कळवलंय का? एक कोरा कागद दे.”

त्यावर तिने लिहिलं, “तुम्ही नाही म्हणालात. आम्ही ऐकलं. माझा नवरा मेला.” खाली सही केली आणि स्वतःच्या हाताने तो कागद माझ्यात घातला. मी तो पोचवला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

मित्रांनो, माझ्या जागी आता नवं यंत्र येईल. मला जपून ठेवा, पुसत जा, असलं काही मागणं माझं नाही, मला खुशाल भंगारात टाका. पण तुमच्या दारात कुणी शिक्का मारलेला ‘नाही’ पाठवला, तर तो घडी घालून ठेवू नका. शेवटच्या पानापर्यंत वाचा, आणि का नाही म्हणता ते लिहून विचारा. मिळालं नाही म्हणाले तर पुन्हा विचारा. घरातलं माणूस जिवंत आहे तोवर विचारा.