तिसरी खिडकी

ती इमारत आधी कापसाचं गोदाम होती. मग तिथे टेलिफोनचं ऑफिस आलं आणि यंत्रांत धूळ जाते म्हणून मागच्या बाजूच्या खिडक्या विटांनी बुजवायचं ठरलं. ते काम मिस्त्रीने केलं, ऐन पंचविशीत. तिसऱ्या खिडकीशी बसून फोन जोडणारी मुलगी त्याला म्हणाली, "एवढं एक झाड दिसायचं, तेही गिळलंत." वर्षभरात त्यांचं लग्न झालं.

पुढे चाळीस वर्षं ती आल्यागेल्याला नवऱ्याची ओळख अशीच करून द्यायची, हे माझी खिडकी खाल्लेले गृहस्थ. तोही हसून म्हणायचा, देईन की उघडून एक दिवस. टेलिफोनचं ऑफिस हललं, तिथे कापडाचं दुकान आलं. दुकानदार ओळखीचा, एका शब्दावर हो म्हणाला असता. पण आज काम, उद्या पाहुणे. मग दुकानही गेलं, शिकवणीचे वर्ग आले. आणि या उन्हाळ्यात ती गेली.

दोन महिन्यांनी त्याला कळलं, तिथे आता दवाखाना होणार, खिडक्या मोकळ्या करणार. मुकादम त्याच्याच हाताखाली शिकलेला. मिस्त्रीने जाऊन सांगितलं, तिसरी माझी. मुकादमाने समजावून पाहिलं की मशीनने पंधरा मिनिटांचं काम आहे, या वयात छिन्नी-हातोडा कशाला. मिस्त्री ऐकेना.

सकाळी बसला तो दुपारपर्यंत एक वीट धड निघेना. तेव्हा तिच्यासमोर हात दाखवायचा होता ना, सिमेंटचा माल असा काही कडक कालवला होता. हाताला फोड आले. शेवटी भोक पडलं, पण उजेड आला नाही. त्याने हात आत घातला. बोटं ओल धरलेल्या गिलाव्याला टेकली. शेजारच्या नव्या इमारतीची भिंत, नेमकी याच खिडकीसमोर, जेमतेम वीतभर अंतरावर.

"ही कधी झाली रे?"

"इमारत होऊन झाली सात-आठ वर्षं. ती एवढी चिकटलीय हे मागून कोण बघतंय?" मुकादम म्हणाला. "कापडाचं दुकान होतं तोवर सगळं मोकळं होतं, झाडबीड होतं."

मिस्त्रीने हात बाहेर काढला आणि छिन्नी खाली ठेवली.

मुकादम म्हणाला, "मग मिस्त्री, ही परत बुजवूनच टाका. भिंत बघून रोग्याला काय बरं वाटणार?"

"एकदा बुजवली तेवढी पुरे," मिस्त्री म्हणाला. "दुसरा माणूस बघ."

त्याने खाली पडलेला राडारोडा गोळा केला, जमीन झाडली. काम अर्धं टाकून तो आजवर कधी उठला नव्हता. आज उठला.