दोन्ही सेट ठणठणीत

वॉकीटॉकीचं बटण अडकायचं म्हणून मी आमचे दोन्ही सेट कंपनीकडे दुरुस्तीला पाठवले. परत आले ते चकाचक पुसून, पण एकमेकांशी बोलेनात. मी क्रेनच्या केबिनमध्ये वर टांगलेला, खाली मेव्हणा माल बांधणार, आणि आमच्यात अबोला! फोन केला की कंपनीतली मुलगी गोड आवाजात सांगायची, "सर, दोन्ही सेट तपासलेत. ठणठणीत आहेत."

"अहो, पण एकमेकांशी बोलत नाहीत ना!"

"तपासणीत दोष आढळला नाही, सर."

डोकं फिरायचं माझं. मेव्हणा हातवाऱ्यांवर काम भागवायला लागला. मी हट्टानं सेट चालूच ठेवायचो.

आज सकाळी माझा सेट बोलला. "बाळे, वर ये गं. पडलेय मी."

आवाज म्हातारीचा. पुन्हा पुन्हा तेच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कंपनीनं दोन गिऱ्हाइकांच्या जोड्यांतल्या एकेका सेटची अदलाबदल केली होती. लेकीला मारलेली हाक माझ्याकडे येत होती.

"आजी, मी क्रेनवाला बोलतोय. घर कुठंय तुमचं?"

"पत्ता नाही रे ठाऊक. लेकीनं नुकतंच आणलंय इथं." त्या रडकुंडीला आल्या होत्या.

"खिडकीतून क्रेन दिसते?"

"पिवळी? दिसते की."

"तिचा लांब हात फिरवतो. तुमच्याकडे वळला की सांगा."

मी हूक वर घेतला आणि क्रेनचा हात सावकाश फिरवायला लागलो.

"थांब, थांब! अगदी समोर आलास!"

समोर करड्या रंगाची इमारत होती. पडदा हिरवा आहे, असं आजींनी सांगितलं, तोही दिसला. मेव्हण्याला मोबाइल लावला. तो हेल्मेटसकट पळत सुटला. लेक तळमजल्यावर शिलाई मशीनवर बसली होती. दोघांनी मिळून आजींना उचललं. नशीब, मुका मारच होता.

मग मी कंपनीला फोन लावला. तीच मुलगी.

"दोष नाही, माहितीये मला," मी ओरडलो. "तुमच्या ठणठणीत सेटवरून एक आई हाका मारत होती. लेक खाली तसलाच, कालच तुमच्याकडून दुरुस्त होऊन आलेला सेट शेजारी ठेवून बसली होती. आज एकही हाक नाही, म्हणजे आईला बरं वाटतंय, असं समजून खूश होती ती!"

मग ती मुलगी 'सर' म्हणायचं विसरून म्हणाली, "आजी कशा आहेत आता?"

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"आजी बऱ्या आहेत," मी म्हणालो. "लेकीचं रडणं थांबत नाहीये."