बाहीवरची न विटलेली जागा

मी नाईक धाकू परबाचा लोकरी खाकी कोट बोलतोय. वाकोल्याच्या एका खोलीत, पत्र्याच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी घडी होऊन पडलो आहे.

माझं कापड विलायती, पण उमेदीची वर्षं धाकूच्या अंगावर गेली. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या थंडीत आम्ही दोघे मिळून भिजलो. तिथेच त्याला नाईकपदाची बढती मिळाली आणि माझ्या दोन्ही बाह्यांवर हुद्द्याच्या दोन-दोन कोनाकार फिती आल्या. उजवीकडच्या एका फितीचं टोक ठिणगीने जळलं, तेव्हा धाकूने ते दुमडून स्वतःच शिवलं. टाके वाकडे आले.

लढाई संपल्यावर धाकू अंधेरीच्या एका स्टुडिओत दरवान झाला. १९५४ साली तिथे मार्तंडराव नावाच्या दिग्दर्शकाने पलटणीवर विनोदी चित्रपट काढला. फोर्टातल्या एका खासगी खेळाला त्यांनी पलटणीवरचाच स्वीडनचा जुना विनोदी चित्रपट पाहिला होता. तसाच त्यांना हवा होता. धाकूने नटांना आठ दिवस कवायत शिकवली. कपडेपटातल्या कोटांवर फिती उलट्या टाचलेल्या पाहून त्याला राहवेना. नमुना म्हणून त्याने मला घरून नेलं. चूक झाली ती इथेच.

मार्तंडराव मला पाहून खूश झाले. म्हणाले, पडद्यावर एखादा खरा कोकणी शिपाईही दिसू दे, शेवटची सलामी तूच दे. धाकूने हे घरी सांगितलं. त्याच्या बायकोने, रुक्मिणीने, साऱ्या वाडीला सांगितलं.

आधी मात्र त्याला दोन दिवस पलटणीतल्या आचाऱ्याचं काम दिलं. अंगात कोट मीच, पण आचाऱ्याला फिती कशाला, म्हणून शिंप्याने माझ्यावरच्या फिती उसवल्या. सलामीच्या दिवशी परत लावतो म्हणाला. धाकूने चिखलात पडायचं होतं, पडताना मालवणीत ओरडायचं होतं. त्याने विचारलं, "साहेब, आमच्या पलटणीत असा कोण नव्हता. हसं व्हायला मीच कशाला?"

"अरे, त्या मूळ चित्रपटात सगळे गोरे. हसवायला एकाला काळा रंग फासलाय," मार्तंडराव म्हणाले. "तुझ्यावर रंगाचा खर्च नाही."

सगळे हसले. धाकूही हसला. पण माझ्या बटणांमागे त्याची छाती हलली नव्हती.

सलामीच्या दिवशी त्याला बोलावणं आलंच नाही.

चित्रपट लागला तेव्हा रुक्मिणीने त्याला मलाच घालायला लावलं. चिखलातला धाकू पाहून थिएटर खदखदलं. मग शेवटची सलामी आली. गोरापान नायक, कपाळाला लावलेला हात, पडदाभर बाही. त्या बाहीवर जळकं टोक आणि वाकडे टाके.

रुक्मिणी हळूच म्हणाली, "तुमच्यो फिती त्येच्या हातार कशो इल्यो?"

"गप रव. लोका बगतत."

घरी येऊन त्याने माझी घडी घातली, अगदी पलटणीतल्यासारखी, कडेला कड लावून. त्यानंतर मी त्याच्या अंगावर चढलो नाही.

रुक्मिणीने नव्या फिती आणून ठेवल्या आहेत. कधीतरी ती लावायला घेईल. माझं एवढं ऐका, लावू देऊ नका. जुन्या फितींखालचा माझा रंग विटलेला नाही. त्यांचे कोन बाह्यांवर अजून ठळक दिसतात. कुणी ट्रंक उघडलीच तर मला उजेडात धरा आणि धाकूला विचारा, इथे काय होतं.

तो हसेल. तेव्हा त्याच्या छातीवर हात ठेवून पाहा.